आत्याबाईंच्या मांडीवरचं मशीन

आमच्या घरी लॅपटॉप आला तो पोत्यातून. थट्टा नाही करत, खरोखरच ज्वारीच्या रिकाम्या पोत्यातून. लेकीनं पुण्याहून आणताना तो आधी जुन्या सुती साडीत गुंडाळला, मग पोत्यात घातला आणि एसटीत सगळ्या वाटेनं मांडीवर धरून बसली. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय यात?" ही म्हणाली, "आज्जीला पापड." चोरीची भीती, दुसरं काय. त्या वेळी सांगलीत लॅपटॉप कुणी जवळून बघितला होता? मी तर त्याचं नावही पहिल्यांदाच ऐकत होते.

तिच्या ऑफिसात नवी मशिनं आली होती आणि जुनी तिथल्याच लोकांना देऊन टाकली होती. त्यातलं एक हिला मिळालं. बॅटरी पार गेलेली. भिंतीतल्या बटणाला वायर लावली तरच जिवंत, काढली की मेलं. वजनाला चांगला भरभक्कम. मी उचललं आणि म्हटलं, "याच्यापेक्षा आपला पाटा हलका आहे."

आता मला लॅपटॉपची गरज का पडली, ते आधी सांगायला हवं.

आमचे हे फौजेतून निवृत्त झाले आणि आम्ही सांगलीला विश्रामबागेकडे दोन खोल्या घेतल्या. घरात तिघंच. हे, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. आमच्या इमारतीत खाली टायपिंगचा क्लास होता, तो बंद पडला तेव्हा त्यातलं एक मराठी टाइपरायटर यांनी घरी आणलं. कशाला आणलं ते त्यांनाही सांगता आलं नाही. "चांगलं लोखंड हाय," म्हणाले. मग ते लोखंड मी पुसलं, तेल घातलं आणि समोर बसले. शिकवायला कुणी नव्हतं. अक्षरं बघायची, बोट शोधायचं, दाबायचं. दहा बोटांनी मला कधीच जमलं नाही. चार बोटं आणि दोन डोळे, एवढ्यावर माझं टायपिंग. पण जमलं. गल्लीतल्या बायकांचे अर्ज मी टाइप करून द्यायला लागले.

एका दुपारी अशीच काहीतरी खडखड करत होते, तर भिंतीला टेकून बसलेल्या आत्याबाई एकदम बोलायला लागल्या. कुठून तरी मधूनच. "दिवाळी झाली की आमी म्हसवडाकडनं निघायचो बघ. म्होरं मेंढरं, मागं घोडं, घोड्यावर बिऱ्हाड, आन् बिऱ्हाडावर कोंबड्या."

आमचं घराणं मेंढपाळांचं. आत्याबाई तरुणपणी मेंढरांमागं चालत माणदेशातून कऱ्हाड, पाटण करत कुंभार्ली घाटानं कोकणात उतरायच्या आणि पावसाच्या आधी परत यायच्या. मी लग्न होऊन आले तोवर कळप विकला होता आणि हे फौजेत गेले होते. म्हणून इतकी वर्षं एका घरात राहूनही मला यातलं फारसं काही ठाऊक नव्हतं. डोळ्यांचं ऑपरेशन फसल्यापासून त्यांना फक्त उजेड आणि सावली कळायची. पण बोलायला लागल्या की वाटेवरचा उंब्रजचा पूलसुद्धा समोर दिसायचा.

आमच्या माणसांत सांगण्याची एक रीत आहे. एकानं सांगायचं आणि समोरच्यानं हुंकार द्यायचा. "हं." "बरं." "मग?" हुंकार थांबला की सांगणारा थांबतो. समोरचं माणूस झोपलं, नाहीतर मनानं उठून गेलं, असं तो समजतो. तर माझी ती खडखड आत्याबाईंना हुंकारासारखी लागली असावी. मी बोलत नव्हते, मशीन बोलत होतं. ओळ संपत आली की टाइपरायटरची घंटी टिंग करते, मग डाव्या हातानं दांडी ढकलून गाडा परत आणायचा. त्या टिंगला आत्याबाई दम घ्यायच्या. कागद बदलायला मी थांबले की त्याही थांबायच्या. कागद चढला की पुढं.

मी म्हटलं, चाललंच आहे तर हेच टाइप करावं. पानं झाली. यांनी ती नेऊन आमच्या इथल्या एका साप्ताहिकाच्या संपादकांना दाखवली, आणि त्यांनी चक्क छापली. वर पुन्हा आणा म्हणाले. मग दर रविवारी आत्याबाईंचा मजकूर यायला लागला.

रविवार म्हणजे काय असायचं सांगू? दुपारची जेवणं उरकली की गल्लीतल्या बायका आमच्या पायऱ्यांवर येऊन बसायच्या. कुणी शेंगा फोडायची, कुणी मेथी निवडायची. मी मोठ्यानं वाचायची. आत्याबाईंना सकाळीच न्हायला घालावं लागायचं, केस विंचरून घट्ट बुचडा, धुतलेलं लुगडं आणि पायरीवर खुर्ची. खुर्चीत बसून त्या असं ऐकायच्या, जसं काही कुणा परक्या बाईचंच वाचन चाललं आहे. मध्येच म्हणायच्या, "लय वाढवून सांगतीया ही बाय." बायका हसून हसून लोळायच्या.

ज्या बाईनं सगळं आयुष्य रस्त्याच्या कडेनं चालत काढलं, तिच्यासाठी हा रविवार काय होता ते मी बघत होते.

आणि मग संपादकांचा निरोप आला. त्यांचा छापखाना बदलला होता. खिळे जुळवणारे गेले, कॉम्प्युटर आला आणि त्यावर बसणारी एकच मुलगी. तिला जाहिरातींतूनच डोकं वर काढता येत नव्हतं. "वहिनी, तुमचं टाइप केलेलं पुन्हा टाइप करायला माझ्याकडं माणूस नाही," त्यांनी कळवलं. "फ्लॉपीवर दिलंत तर छापतो. नाहीतर आपल्याला थांबावं लागेल."

फ्लॉपी म्हणजे काय, इथून माझी सुरुवात. लेकीला एसटीडीवरून फोन केला. दोनेक आठवड्यांत ती पोतं घेऊन दारात उभी.

तिनं त्यात मराठी अक्षरं घालून आणली होती, आणि टाइपरायटरला जिथं जे अक्षर असतं तिथंच तेही होतं, थोडी इकडं तिकडं सोडून. पण बटणांवर छापलेली सगळी इंग्रजी. दहा बोटांवाल्यांना त्याचं काही वाटलं नसतं. मी पडले बघून टाइप करणारी. मग औषधाच्या दुकानातून जखमेला लावायची पांढरी चिकटपट्टी आणली, तिचे बारके चौकोन कापले, त्यावर पेनानं क, ख, ग लिहून एकेका बटणावर चिकटवलं. हे संध्याकाळी घरी आले, बघितलं आणि गंभीर तोंड करून म्हणाले, "लढाईत कुठं गोळी लागली याला?"

लेक दोन दिवस राहून सगळं दाखवून गेली. बाण कसा हलवायचा, मजकूर कसा साठवायचा, फ्लॉपीच्या चपट्या चौकोनी चकतीवर तो कसा उतरवायचा. "आई, दर थोड्या वेळानं साठव," एवढं मात्र तिनं चार वेळा बजावलं. मी मान डोलावली. टाइपरायटरवर हात बसलेल्या बाईला हे कळणार कसं? आम्ही दाबलं की कागदावर उमटतं. उमटलं ते उमटलं, ते कशाला पळून जातंय?

पहिले काही दिवस तर नुसती मजा. मी सवयीनं जोर लावून दाबायची, तर एक क मागितला की ओळभर ककककक. टाइपरायटरला धपका लागतो, याला नुसता स्पर्श पुरतो. हे म्हणायचे, "आगं, त्याला हात लाव, मारू नगंस." सगळ्यात वाईट माझा डावा हात. ओळ संपत आली की तो आपोआप उठायचा आणि दांडी ढकलायला हवेत जायचा. दांडी होती कुठं? तिथं यांचा चहा होता. पहिल्या दिवशी चहा गेला. दुसऱ्या दिवशीही गेला. तिसऱ्या दिवसापासून हे माझ्या उजव्या बाजूला बसायला लागले.

हे सगळं हसण्यावारी गेलं. पण खरी अडचण पुढं होती.

मी आत्याबाईंना म्हटलं, "सांगा आता, मी बसले."

त्यांनी सुरू केलं. दोन वाक्यं झाली, थांबल्या.

"बसलीस न्हवं?"

"बसले की, टाइप करतेय."

पुन्हा एक वाक्य, पुन्हा थांबल्या. "आवाज कुठाय?"

"याला आवाज नसतो, आत्याबाई."

"मग कळायचं कसं तू हाईस का गेलीस?"

मी हं, हं करायला लागले. पण माझं असं, की हं म्हणायला गेले की बोट चुकायचं आणि बोट सांभाळलं की हं राहून जायचं. आत्याबाईंना लगेच कळायचं. "खोटं खोटं हं म्हंतीस तू. नवऱ्याला म्हंतीस तसं." यांनी यावर पेपर तोंडापुढं धरला.

मग यांनी एक युक्ती काढली. कळपातल्या एका मेंढराच्या गळ्यातली पितळी घाट, म्हणजे घंटा, आमच्याकडं आठवण म्हणून खुंटीला टांगलेली होती. ती काढून माझ्या खुर्चीला बांधली. ओळ संपली की मी वाजवायची. दोनदा वाजली आणि आत्याबाई सरळ होऊन बसल्या. "कोन चुकलं रं मागं?" मेंढराच्या घाटेनं त्यांचं सगळं ध्यान कळपाकडं जायचं, गोष्ट तिथंच राहायची. घाट पुन्हा खुंटीला गेली.

तरी कसंबसं, ओढूनताणून, एका दुपारी मजकूर होत आला. सूनमुख बघायच्या दिवशीच मेंढरं कशी बुजली आणि वऱ्हाड कसं त्यांच्यामागं पळालं, असा छान मजकूर. गॅसवर दूध होतं, ते उतू जाईल म्हणून मी उठले. हे त्याच वेळी भाजी आणायला निघाले. आता यांची फौजेतली सवय अशी की घराबाहेर पडताना भिंतीवरचं प्रत्येक बटण बंद करायचं. पंखा, दिवा, रेडिओ, सगळं. टकटकटक करत गेले. मी दुधाचं पातेलं उतरवून परत येते तर मशीन काळं.

साठवलं नव्हतं. एक ओळ नव्हती त्यात.

आत्याबाईंना सांगितलं, तर त्या भिंतीकडं वळल्या. "बोललेलं परत बोलायला मी काय टेपरेकॉर्ड हाय? ग्येलं ते ग्येलं."

"आत्याबाई, एवढं एकदाच."

"न्हाई. त्येला आवाज न्हाई, त्यो काय ऱ्हात न्हाई. आसल्याफुडं मी बोलनार न्हाई."

त्या आठवड्यात मजकूर गेला नाही. पुढच्याही नाही. रविवारी सकाळी आत्याबाई मला म्हणाल्या, "न्हायला घाल." मी म्हटलं, "आज काही आलेलं नाही पेपरात." म्हणाल्या, "म्हाईत हाय." तरी केस विंचरून घेतले. बुचडा बांधून घेतला. दुपारी एकदोघी बायका डोकावल्या, विचारून गेल्या. खुर्ची आतच राहिली. मला त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही.

हेही हळहळत होते. त्यांनी भिंतीवरच्या त्या बटणावर माझीच चिकटपट्टी आडवी लावून टाकली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, हात लावू नये. खाली सही केली.

मी मात्र सराव सोडला नव्हता. रोज दुपारी टेबलाशी बसून काहीबाही टाइप करायची आणि साठवायची. चपात्यांची कणीक मळतानासुद्धा मनात साठव, साठव चालायचं. थंडीचे दिवस होते. अशाच एका दुपारी टेबलाजवळचं भिंतीतलं बटण खरखरायला लागलं, ठिणगीही उडाली. घरात दुसरं चांगलं बटण एकच, आत्याबाईंच्या अंथरुणापाशी, आणि वायर तोकडी. मी मशीन उचलून तिकडं गेले. पिन लावायची तर दोन्ही हात मोकळे हवेत. जमिनीवर ठेवावं तर नुकतीच फरशी पुसलेली, ओली.

"आत्याबाई, हे जरा धरा," म्हटलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.

पिन लावून, चालू करून वळते तर बाईनं ते कवटाळलेलं. एक हात मशीनच्या पाठीवर, दुसरा पोटाखाली घातलेला.

"आगं, ह्ये ऊन हाय," त्या म्हणाल्या.

"तापतं ते चाललं की."

"पोटात घुरघुरतंया."

"आत पंखा असतो बारका."

"आन् वजनाला बी तेवढंच भरतंय गं." हात पोटाखालून काढायला तयार नाहीत. "आठवड्याचं कोकरू असंच असतंय."

मी म्हटलं, द्या आता, मला टाइप करायचं आहे. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की जरा. थंडी हाय. तू तिकडनं कर काय करायचं त्ये."

तशी मी त्यांच्यासमोर मांडी घालून, गुडघ्याला गुडघा लावून बसले. मशीनचं तोंड माझ्याकडं वळवलं, झाकण उघडून त्यांच्या पोटाला टेकवलं. चालतंय का बघावं म्हणून चार अक्षरं दाबली.

आत्याबाई हसायला लागल्या. तोंडात पुढचे दात नव्हते, तरी पदर तोंडाला लावून हसायच्या.

"काय झालं?"

"लाथा झाडतंय."

माझ्या डोक्यात उजेड पडायला एक क्षण लागला. मी आणखी दोन शब्द टाइप केले.

"आता बी झाडलं," त्या म्हणाल्या. मी थांबले. त्याही थांबल्या. मग म्हणाल्या, "आता गप बसलंय."

बोटाचा प्रत्येक दाब त्यांच्या मांडीला कळत होता. कानाला जे ऐकू येत नव्हतं ते मांडीला येत होतं. मी नुसतं टाइप करत राहिले. काय टाइप करत होते तर पालकाची भाजी, पालकाची भाजी, दुसरं काही सुचेना. आणि आत्याबाईंनी, कुणी न म्हणता, सुरू केलं.

"उंब्रजाच्या अलीकडं हमरस्ता हाय बघ. मी नवी नवरी. आमी मेंढरं आडवी घातली, आन् एक गाभणी मेंढी मधोमध बसली ती बसलीच. सातारकडनं यष्टी आली."

मी पालक पुसून टाकला आणि मजकुराला लागले.

ती मेंढी भररस्त्यात व्यायला लागली होती. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, निम्मा कळप उसात शिरला. नवरदेव, म्हणजे माझे मामंजी, लाजून बाजूला उभे. तर ही नवी नवरी बसच्या समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, इंजिन बंद करा. बाळंतीण हाय." ड्रायव्हरनं खरंच बंद केलं. सगळे प्रवासी खाली उतरले. बायकांनी पुरुषांना सांगितलं, तिकडं तोंड करा. पुरुषांनी बिचाऱ्यांनी उसाकडं तोंड केलं. एका म्हातारीनं गाठोड्यातला गूळ काढून मेंढीपुढं धरला. कोकरू झालं तेव्हा कंडक्टरनं घंटी वाजवली.

"मादी हुती. नाव यष्टीच ठेवलं," आत्याबाई म्हणाल्या. "आन् मुक्कामापतूर मी तिला अशीच घेतली, वटीत. आशी ऊन. मागनं आई वरडत येतीया आन् म्होरं मी. का थांबलीस?"

मी हसून हसून थांबले होते. डोळे पुसत होते. "थांबले नाही, सांगा."

"लाथ कळली न्हाई मला. थांबलीसच तू."

काही लपवायची सोयच राहिली नाही बघा. टाइपरायटरच्या वेळी मी मधेच उगाच दोन बटणं खडखडवून वेळ मारून न्यायची. आता बाई मांडीवर सगळं मोजत होती. पुढं यष्टी मोठी झाली आणि कुठंही हॉर्न वाजला की चरायचं सोडून रस्त्याकडं पळत सुटायची, माहेर आल्यासारखी, हे ऐकताना तर हेसुद्धा पेपर ठेवून जवळ येऊन बसले. चहा लांब ठेवून.

मध्येच आत्याबाईंनीच विचारलं, "साठवलंस का?"

"साठवलं."

"पुन्यांदा साठव."

लेकीला फोनवर सांगितलं तर तिनं आधी काळजीचंच काढलं. "खाली घोंगडं नको हं आई, त्याला खालून वारं लागतं." मग म्हणाली, "आज्जीला म्हणावं, ते मांडीवरच ठेवायचं मशीन आहे. तुम्हीच एकट्या नीट वापरताय."

हे फ्लॉपी फौजेच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवून, वर हात धरून, सायकल न घेता चालत संपादकांकडं गेले. तिथल्या मुलीनं ती आत घालून उघडेपर्यंत तिथून हलले नाहीत. घरी येऊन मला म्हणाले, "उघडली. सगळी अक्षरं आपापल्या जागी हजर हायती."

त्या रविवारी पायऱ्यांवर बसायला जागा पुरली नाही. मी वाचत होते आणि आत्याबाई खुर्चीत, बुचडा घट्ट, मान जरा तिरकी. पुरुष उसाकडं तोंड करून उभे राहिले तिथं बायकांनी शेंगा खाली टाकल्या. आत्याबाई म्हणाल्या, "लय वाढवून सांगतीया." समोरची शेजारीण म्हणाली, "आवं आत्या, मग त्या यष्टीचं म्होरं काय झालं?"

"आता न्हाई सांगत," आत्याबाई म्हणाल्या. "मांडी रिकामी हाय माझी."

पुढं बरेच दिवस आम्ही तशाच बसायचो, दुपारी, गुडघ्याला गुडघा लावून. चिकटपट्ट्या झिजल्या की मी नव्या लावायची. माझं सगळं हळूहळू सुधारलं. जोर कमी झाला, ककककक थांबलं. एक डावा हात तेवढा सुधारला नाही. ओळ संपत आली की तो अजूनही उठायचा आणि दांडी शोधत पुढं जायचा. फरक एवढाच, की आता समोर चहा नव्हता, आत्याबाईंचा गुडघा होता. हात त्यांच्या गुडघ्याला लागला की त्या थांबायच्या, दम घ्यायच्या, आणि मग पुढची ओळ सांगायच्या.